डोळ्यातलं फूल

पहिल्याच दिवशी काकांनी मला खुर्चीत बसवलं, हातातला फ्लॅश माझ्या नाकापासून एका वितीवर धरला आणि म्हणाले, "डोळे उघडे ठेव." मी ठेवले. नोकरीचा पहिला दिवस, मालक सांगेल ते करायचं असतं अशी माझी समजूत होती. पुढच्या क्षणी लख्खकन काहीतरी फुटलं, मी किंचाळले, खुर्ची मागे कलंडली आणि मी भिंत चाचपडत उभी राहिले. डोळ्यांपुढे हिरवा-जांभळा डाग नाचत होता आणि त्या डागामागून काकांचा शांत आवाज येत होता, "तू सव्वीस वर्षांची घोडी. तुझी ही गत. आता बारा दिवसांच्या बाळाचं काय होत असेल ते सांग."

मी पर्स उचलली आणि तडक वरोरला घरी आले. आई ओटीवर सुकट निवडत बसली होती. तिला म्हटलं, तो स्टुडिओवाला ठार वेडा आहे. आईने मान वर न करता विचारलं, "वेडा हाय, पण लबाड नाय ना? मग जा उद्या." मी गेले, आणि पुढे सहा वर्षं जात राहिले. त्या सहा वर्षांत या माणसाने मला इतक्या वेळा हादरवलं की आता याच्याकडे शिल्लक काही राहिलं नसेल असं मला वाटायला लागलं होतं. तो माझा गैरसमज होता.

डहाणू रोड स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर त्यांचा स्टुडिओ होता. खाली दुकान, वर राहायची खोली. नाव कुणी घेत नसे. बाजारातल्या गुजराती दुकानदारापासून पाड्यावरच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांचे ते काका. सत्तरीला आलेले, काटकुळे, आणि बारा महिने पांढरा शर्ट. मला वाटलं, शिस्त असेल. तर ते म्हणाले, "रंगीत शर्टावरून उजेड उडाला की बाळ पिवळं दिसतं. घरचे उगाच कावीळ झाली म्हणून घाबरतात." दुसऱ्या आठवड्यापासून मलाही पांढरा कुडता सक्तीचा झाला. बारशाला गेलो की लोक मला नर्स समजून बाळाचं वजन सांगायचे.

लग्नं, साखरपुडे, शाळेचे ग्रुप फोटो, हे सगळं ते नाइलाजाने करत. त्यांचा खरा जीव तान्ह्या बाळांत. त्यातही त्यांचे नेम असे की एखाद्या कडक सोवळ्यातल्या भटजीने हात जोडावेत. फ्लॅश बाळाच्या खोलीत आणण्याआधी बाहेर अंगणात चारदा उडवून बघायचा. दिव्याचा स्टँड पाळण्याच्या डोक्याशी कधीच उभा करायचा नाही, कारण लोखंड आहे, पडणारच. पहिला उजेड अगदी मंद, बाळ दचकलं तर फ्लॅश बंद आणि खिडकीच्या उजेडावर काम. आणि सगळ्यात मोठा नेम म्हणजे बाळाच्या तोंडावर सरळ फ्लॅश मारायचा नाही. कधीच नाही.

मग मारायचा कुठे? तर छतावर. स्टुडिओचं छत ते दर दिवाळीला स्वतः शिडीवर चढून चुन्याने रंगवत. फ्लॅशचं तोंड वर, उजेड छतावर आपटून मऊ होऊन खाली. पण रानशेतसारख्या गावात कुडाच्या भिंती, वर धुराने काळी झालेली कौलं. तिथे पांढरं छत कुठून आणायचं? म्हणून काकांच्या पिशवीत कॅमेऱ्याच्या आधी एक पांढरी चादर जायची. घरातले दोन धिप्पाड पुरुष ती चादर ताणून उभे राहायचे आणि काका कॅमेरा बाळाकडे धरून फ्लॅश मात्र उलटा चादरीवर मारायचे. एकदा एका आजीने त्यांना विचारलंच, "काका, चादरीचे लय फोटो काढलंत. आता पोराचा कधी काढणार?" सगळं घर हसलं. काका हसले नाहीत. म्हणाले, "आजी, उजेड वाढायचा असतो, फेकायचा नसतो. तुम्ही पानात भात फेकता का?"

बाळांना ते अहोजाहो करायचे आणि बापांना अरेतुरे. "अहो, इकडे बघता का जरा? नाही? बरं बरं, आम्ही थांबतो," असं बारा दिवसांच्या गोळ्याला म्हणायचे आणि लगेच मान वळवून, "ए, तू तो मोबाईल खिशात ठेव आधी." बाप बिचारा चाळिशीचा ग्रामसेवक का असेना.

एकदा डहाणूतच एका बारशाला बाळाचा मामा वापीहून नवाकोरा कॅमेरा गळ्यात घालून आला होता. हौशी माणूस. पाळण्यात वाकला आणि बाळाच्या तोंडावर धाडकन फ्लॅश मारला. बाळ इतकं दचकलं की त्याचे दोन्ही हात वर उडाले. काका शांतपणे पुढे झाले, मामाच्या गळ्यातला कॅमेरा हातात घेतला, खालचं झाकण उघडून बॅटरी काढली आणि आपल्या खिशात टाकली. मामा लालबुंद. "ओ काका, हे काय चाललंय?" काकांचं लक्षच नाही, ते चादर सारखी करत होते. निघताना यजमानीणबाईंनी घुगऱ्यांची वाटी दिली, तेव्हा काकांनी ती बॅटरी घुगऱ्यांत खोचली आणि वाटी मामाच्या हातात दिली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. त्या घरातून आम्हाला पुन्हा बोलावणं आलं नाही.

मी त्यांना विचारलं नाही असं नाही. इतकं कशासाठी? ते एवढंच म्हणायचे, "फ्लॅशने डोळा जातो." मी शिकलेली, मोबाईल हातात असलेली. चार ठिकाणी शोधून वाचलं. साध्या फ्लॅशने बाळाचा डोळा जात नाही, क्षणभर दिपतो, बाळ दचकतं, म्हणून लांबून आणि मऊ उजेड वापरा, असंच सगळीकडे लिहिलं होतं. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. काकांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "लिहिणाऱ्याने बघितलं नसेल, बाय. मी बघितलंय." पुढे विचारायची सोय त्यांनी ठेवली नाही. मीही म्हटलं, मरू दे, चादर धरायला माझं काय जातंय.

आता फुलाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे डोळ्यात पांढरा डाग दिसला की फूल पडलं म्हणतात. दुकानातही आमचा तोच शब्द होता. लोक मोबाईलवर काढलेले फोटो मोठे करून घ्यायला आणायचे. समोरून फ्लॅश मारल्यामुळे कुणाचे डोळे भुतासारखे लाल आलेले, एखाद्याच्या डोळ्यात पांढरं चमकलेलं. लाल असेल तर काळं करायचं, फूल असेल तर काढायचं. काका जुन्या काळात हे काम बारीक ब्रशने करायचे, कागदावरच्या पांढऱ्या ठिपक्यात काळी शाई भरून. त्यांचा हात त्या कामात इतका सफाईचा होता की पार पालघरहून लोक फोटो घेऊन यायचे म्हणे. मी तेच कॉम्प्युटरवर करायचे. चांगल्या डोळ्याची बाहुली उचलायची, बिघडलेल्या डोळ्यावर ठेवायची, कडा पुसून घ्यायची. दोन मिनिटांचं काम. "फूल दिसलं की काढायचं, गिऱ्हाइकाला विचारायचंसुद्धा नाही," हे काकांनीच मला शिकवलं होतं.

तलासरीच्या सुनीलच्या मुलीचं बारसं आम्हीच केलं होतं. सुनील टेम्पो चालवायचा, हसरा, बोलघेवडा. बायको मनीषा अगदीच कमी बोलणारी. पहिलीच मुलगी. काकांनी चादर लावून, अर्धा दिवस घालवून तिचे सुंदर फोटो काढले होते, गाल नुसते लोण्याचे. चार महिन्यांनी सुनील एकटाच दुकानात आला. मुलीचं जावळ काढायचं होतं, त्या दिवशी भिंतीवर लावायला मोठी फ्रेम हवी होती. तीन फोटो त्याने स्वतःच मोबाईलवर काढले होते, वेगवेगळ्या दिवशी. तिन्ही फोटोंत पोरगी तोंडभर हसत होती आणि तिन्हींत तिच्या डाव्या डोळ्यात फूल होतं.

"ताई, ते पांढरं काय आलंय, ते तेवढं काढा ना," सुनील म्हणाला. मी काढलं. उजव्या डोळ्याची काळीभोर बाहुली उचलून डाव्यावर ठेवली. तो माझ्या खांद्यावरून बघत होता, म्हणाला, "कला हाय तुमच्या हातात." मला बरं वाटलं. तीनपैकी जो सगळ्यात छान दिसला तो मोठा केला, फ्रेममध्ये घातला, कागदात गुंडाळला.

तेवढ्यात काका वरून खाली आले. सुनीलने कौतुकाने सांगितलं, "काका, तुमच्या लाइनीत आलो मी. फ्लॅश मारला की आमची पोर कशी हसते."

"किती लांबून मारलास?"

सुनीलने हसत हात पुढे करून दाखवलं. एक वीत, फार तर दीड.

मला वाटलं आता याच्या तोंडावर फ्लॅश उडणार. पण काकांनी फ्लॅश उचलला नाही. ते सुनीलच्या अगदी जवळ गेले आणि हलक्या आवाजात बोलले. "तुझ्या पोरीचा डोळा गेला ना, तर देवाला दोष देऊ नकोस. आपल्या हाताने जाळला म्हण."

 हे काय बोलणं झालं? कुठल्या बापाला असं बोलतात? सुनीलचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्यात जीव राहिला नाही. तो फ्रेम काखेत मारून निघून गेला. मी काकांवर भडकले. म्हटलं, "तुमची जीभ कशी रेटते हो?" त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

दीड महिन्याने मनीषा आली. एकटी, पोरीला कडेवर घेऊन. काका बाहेर गेले होते. ती बाकावर बसली, बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली, मग म्हणाली, "ताई, ते फोटोतलं फूल तुम्ही काढलंत ना?"

"हो."

"आता ते डोळ्यातच दिसते. उन्हाला तोंड केलं की मांजरीसारखं चमकते. ते कसं काढायचं?"

 मी विचारलं, डॉक्टरला दाखवलं का? तिने मान हलवली. सासू म्हणते, भिंतीवरच्या फोटोत दोन्ही डोळे चांगले आहेत, म्हणजे आता कुणाची तरी नजर लागली, उतरेल हळूहळू. आणि सुनील काही म्हणतच नाही. त्याने मोबाईल दगडावर आपटून फोडला. टेम्पोवर जात नाही, पोरीला हात लावत नाही. "डॉक्टरकडं चला म्हटलं तर म्हणतो, डॉक्टर इचारेल कुणी जाळला. मी काय सांगू?"

मी कॉम्प्युटरवर तिचे मूळ फोटो उघडले. मूळ फोटो मी कधीच पुसत नसे, तेवढी एकच अक्कल देवाने मला दिली होती. तीन फोटो, तीन वेगळे दिवस, वेगळे कपडे, आणि दर वेळी त्याच डोळ्यात फूल. फोटो बिघडला असता तर एकदा बिघडला असता, एकदा या डोळ्यात, एकदा त्या. हे मला दीड महिन्यापूर्वी दिसायला हवं होतं. मी तिन्ही वेळा बघितलं होतं आणि मला फक्त काम दिसलं होतं. 

काका आले. मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. ते वाकले. बघत राहिले. मग हात मागे नेऊन खुर्ची शोधायला लागले आणि खुर्ची तिथे नव्हती तरी बसायला गेले. मी धरलं म्हणून वाचले. एवढंच म्हणाले, "शटर ओढ." सहा वर्षांत भर दिवसा त्या दुकानाचं शटर पहिल्यांदा खाली आलं.

डहाणूतल्या डोळ्यांच्या डॉक्टरने बॅटरी लावून पाच मिनिटं बघितलं आणि चिठ्ठी लिहून दिली, उद्याच्या उद्या मुंबईला न्या. आम्ही तिघं गेलो, म्हणजे मनीषा, काका आणि मी. तिथली डॉक्टरीण माझ्याच वयाची होती. बाळाला थेंब घालून तपासायला दुपार गेली. मग तिने आम्हाला बसवून सरळ सांगितलं. डोळ्याच्या आत गाठ आहे. गाठ अजून डोळ्याच्या बाहेर गेलेली नाही. उजवा डोळा स्वच्छ आहे. आठ दिवसांच्या आत डावा डोळा काढला तर मुलगी जगेल. थांबलात तर सांगता येत नाही. "वडिलांना घेऊन या. दोघांच्या सह्या मला समोर लागतील."

मनीषा रडली नाही. तिने विचारलं, "मोबाईलच्या उजेडाने झालं का?"

"नाही. ही गाठ कुणाच्याही हातून होत नाही, फ्लॅशने तर नाहीच," डॉक्टरीण म्हणाली. "उलट त्या फ्लॅशमुळे कळलं. समोरून सरळ उजेड आत गेला की डोळ्याच्या मागचा लाल पडदा दिसतो. म्हणून फोटोत डोळे लाल येतात. तिथे गाठ असेल तर लाल ऐवजी पांढरं दिसतं. प्रत्येक वेळी गाठच असते असं नाही, पण एकाच डोळ्यात पांढरं दिसलं की दाखवायचंच. फोटो कुणी काढला?"

"हिच्या बापाने."

"त्यांना सांगा, त्यांनी काढला म्हणून मुलगी वेळेत आली."

काका इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी घसा साफ केला. "आणि बाई, उजेड चादरीवरून मारला तर?"

तिला कळलं नाही. मी समजावून सांगितलं, फ्लॅश बाळावर न मारता पांढऱ्या कापडावर मारायचा. ती म्हणाली, "बाळाला ते बरंच. पण मग हे दिसणार नाही. उजेड सरळ आत जात नाही ना."

"पूर्वीचे फ्लॅश मोठे असायचे. त्यांनीही अशी गाठ होत नसे?"

"नाही. पूर्वीच्यानेही नाही."

काकांनी मान हलवली आणि बाहेर गेले. मला वाटलं, त्यांना बारसं आठवलं असेल. अर्धा दिवस खपून काढलेले ते लोण्यासारखे फोटो, आणि त्यांत काहीच दिसलं नाही. मला त्यांची दया आली. परतीच्या प्रवासात ते खिडकीबाहेर बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तलासरीला गेलो. मनीषाने घरी सगळं सांगून ठेवलं होतं, आणि व्हायचं तेच झालं होतं. सासू दारातच उभी होती. "पोरीच्या जातीचा डोळा काढायचा? उद्या तिला कोण करून घेईल?" तिने आम्हाला आत नेऊन भिंतीवरची फ्रेम दाखवली. "बघा. ह्यो फोटो तुमचाच ना? दोनी डोळे धडधाकट हायत. एवढ्यात गाठ येते का कुठं?"

मी म्हटलं, "आजी, तो डोळा मी केलाय."

"म्हणजे?"

"तिच्या डोळ्यात तेव्हाही फूल होतं. मी दुसरा डोळा काढून त्यावर चिकटवला."

म्हातारी फोटोकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "म्हणजे फोटो खोटा?"

"खोटा."

तिने फ्रेम खुंटीवरून उतरवली आणि तोंड भिंतीकडे करून खाली ठेवली. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या.

सुनील मागच्या अंगणात बसला होता, दाढी वाढलेली, आमच्याकडे पाठ. मनीषा पोरीला घेऊन दारात उभी राहिली. काका त्याच्यासमोर जाऊन जमिनीवर बसले, पांढऱ्या शर्टपॅण्टसकट, शेणाने सारवलेल्या अंगणात. "मी तुला जे बोललो ते चूक होतं," ते म्हणाले. "डॉक्टरीण म्हणाली, फ्लॅशने काही झालं नाही. तुझ्या फोटोमुळे कळलं. चल आमच्याबरोबर. तुझी सही लागणार आहे."

"मला बरं वाटावं म्हणून बोलता," सुनील म्हणाला. "मीच जाळला. रोज मारायचो फ्लॅश, हसते म्हणून. आता सही पन मीच करू? डोळा काढा म्हणून?"

"सुनील, ऐक."

"नाय काका. तुमीच बोलले होते ना. तुमाला माहीत होतं."

 काकांनी बोलायला सुरुवात केली, माझ्याकडे एकदाही न बघता. "मला मुलगी होती. आठ महिन्यांची असताना मी तिचा फोटो काढला. समोरून, तेव्हाच्या मोठ्या फ्लॅशने. एका डोळ्यात फूल आलं. मी म्हटलं, फोटो बिघडला. ब्रश घेतला आणि काढून टाकलं. मग डोळा खराब व्हायला लागला. आम्ही नेलं तेव्हा उशीर झाला होता, गाठ पसरली होती. मी आजवर समजत होतो, मी फ्लॅशने जाळलं. काल कळलं, मी जाळलं नव्हतं. फ्लॅशने मला दाखवलं होतं, आणि मी शाई भरली."

 मी सहा वर्षं या माणसाबरोबर डबा उघडून जेवत होते. काकू फार पूर्वी गेल्या, मूलबाळ झालं नाही, असं मी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

"मग त्या फोटोचं काय झालं?" सुनीलने विचारलं.

"फार चांगला आला होता," काका म्हणाले. "शोकेसमध्ये लावला होता. लोक थांबून बघायचे. ती गेली त्या दिवशी उतरवला."

 सुनील उठला, दाराशी गेला आणि मनीषाच्या हातातून पोरीला घेतलं. इतक्या दिवसांनी बापाने उचललं म्हणून ती त्याच्या दाढीला झोंबायला लागली. त्याने तिचं तोंड उन्हाकडे केलं आणि त्या डोळ्यात स्वतः नीट बघून घेतलं. "कधी निघायचं?" तो म्हणाला.

सहाव्या दिवशी तिचा डोळा काढला. आता ती बालवाडीत जाते, डावा डोळा बनवलेला आहे, उजव्याने सगळ्या वर्गावर नजर ठेवून असते. दर काही महिन्यांनी मुंबईला तपासायला नेतात आणि दर वेळी सुनीलच नेतो.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीचं. तलासरीहून परत येताना आम्ही सहा आसनी रिक्षात मागे बसलो होतो. काकांच्या पॅण्टला शेण लागलेलं तसंच होतं.  डहाणूच्या अलीकडे त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"बाय, सहा वर्षांत तू किती फुलं काढलीस?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा एकेक फोटो डोळ्यांपुढे यायला लागला. जावळाच्या फ्रेमा, वाढदिवसाचे बॅनर, आजोळी पाठवायचे फोटो. किती बाळं. मी एकेका फोटोवर दोन मिनिटंसुद्धा घालवली नव्हती.

"आठवत नाही," मी म्हटलं.

"मूळ फोटो ठेवलेत?"

"सगळे."

दुकानात आल्यावर त्यांनी शटर अर्धंच वर केलं. हातपायसुद्धा धुतले नाहीत. मी कॉम्प्युटर लावला, ते शेजारी स्टूल ओढून बसले आणि आम्ही सहा वर्षांपूर्वीच्या माझ्या पहिल्या महिन्यापासून सुरुवात केली. लाल डोळे, लाल डोळे, एका बाळाचे मिटलेले. काही ठिकाणी दोन्ही डोळ्यांत पुसट चमक. काका प्रत्येक फोटोला स्क्रीनला नाक लावत होते.

चौथ्या फोल्डरमध्ये एक मुलगा होता, पाळण्याची दोरी तोंडात घातलेला. उजवा डोळा लाल, डावा पांढरा. पुढच्या फोटोत पुन्हा डावाच पांढरा.

"कुठला?" काकांनी विचारलं.

मी फोल्डरवरचं नाव आणि गाव वाचलं.  तो मुलगा आता, असला तर, सहा वर्षांचा असणार होता.

काका उठले आणि चपला घालायला लागले.